मायक्रोट्यूब्यूल्स तुटलेल्या, ॲक्टिन गायब: हेला पेशींचा नमुना फ्लुओरेसन्ससाठी कसा तयार करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) ट्यूब्युलिन (ज्या प्रथिनाच्या मायक्रोट्यूब्यूल्स, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या नलिका, बनतात) हिरव्या, ॲक्टिन (त्याच सांगाड्यातल्या तंतूंचं प्रथिन) लाल आणि केंद्रक निळ्या रंगात दाखवायचं आहे. पेशी कव्हरस्लिपवर वाढवल्या, बर्फावर ठेवलेल्या पीबीएसने (मिठाचा बफर) तीन वेळा पाच-पाच मिनिटं धुतल्या, उणे 20 अंशांच्या मिथेनॉलमध्ये 10 मिनिटं फिक्स केल्या, म्हणजे आहे त्या अवस्थेत थिजवल्या, अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून स्किम मिल्कने ब्लॉक केल्या. मग डीएम1ए ही अल्फा-ट्यूब्युलिनची प्राथमिक अँटिबॉडी, त्यावर तिला ओळखणारी, 488 हा हिरवा रंग जोडलेली दुय्यम अँटिबॉडी, ॲक्टिनसाठी 568 हा लाल रंग जोडलेलं फॅलॉइडिन आणि शेवटी केंद्रकासाठी निळं डॅपी. हाती आलं ते असं: मायक्रोट्यूब्यूल्स तुकड्यातुकड्यांत, पेशीभर हिरवं धुकं, मध्येमध्ये चमकदार ठिपके आणि ॲक्टिन जवळजवळ नाहीच. फक्त दुय्यम अँटिबॉडी लावलेली स्लिप मात्र काळी आली. आता अँटिबॉडी बदलावी, की कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर लेझर आणि गेन (डिटेक्टरची संवेदनशीलता) कमी-जास्त करून बघावं?

दोन्ही नको. तुमची अँटिबॉडी बहुधा उत्तम काम करते आहे आणि मायक्रोस्कोपचाही यात दोष नाही. जे बिघडलं ते पेशी इन्क्युबेटरबाहेर आल्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत बिघडलं. त्या वेळात पेशीची जी अवस्था झाली तीच तुम्ही पुढे दोन दिवस खपून रंगवली.

सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही ओघात सांगून गेलात: फक्त दुय्यम अँटिबॉडीची स्लिप काळी आहे. म्हणजे दुय्यम अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाही. मिथेनॉलने फिक्स केलेल्या पेशींना स्वतःची हिरवी चमकही फारशी नसते. मग हे धुकं आलं कुठून? माझं ठाम मत आहे की ते धुकं म्हणजे ट्यूब्युलिनच आहे. सस्तन प्राण्यांच्या पेशींतल्या मायक्रोट्यूब्यूल्सना थंडी सोसत नाही. तापमान उतरलं की काही मिनिटांतच त्या टोकांकडून सुटू लागतात आणि ट्यूब्युलिनच्या जोड्या पेशीद्रवात विखुरतात. तुमच्या पेशी पंधरा मिनिटं बर्फाच्या पीबीएसमध्ये होत्या. बऱ्याच नलिका विरघळल्या, चिवट होत्या त्या तुकडे होऊन उरल्या आणि सुटलेलं ट्यूब्युलिन मिथेनॉलने जागच्या जागी साकळलं. डीएम1ए ने ते इमानदारीने ओळखलं. ज्याला तुम्ही बॅकग्राउंड म्हणता आहात तो खरा सिग्नल आहे, फक्त चुकीच्या जागी पोचलेला. ब्लॉकिंग वाढवून किंवा गेन कमी करून तो जाणार नाही.

थंड पीबीएसची सवय लागते ती वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिन ओळखण्याची चाचणी) पेशी फोडून लायसेट करताना. तिथे प्रथिनं तोडणारे प्रोटिएज थांबवायचे असतात, म्हणून सगळं बर्फावर. इथे उद्देश उलटा आहे. पेशीला आपण आलो आहोत हे कळायच्या आत तिला थिजवायचं आहे. म्हणून फिक्सेटिव्ह 37 अंशांना गरम हवं, धुणं शक्यतो नको, आणि धुवायचंच असेल तर 37 अंशांच्या बफरने एकदा, तेही काही सेकंद.

आता ॲक्टिन. फॅलॉइडिन हे अमानिटा फॅलॉइड्स या विषारी अळंबीतला छोटा रेणू आहे आणि तो ॲक्टिनच्या तंतूची मूळ घडण शाबूत असेल तरच त्याला चिकटतो. मिथेनॉल प्रथिनांतलं पाणी काढून घेतं, त्यांची घडी मोडते, ॲक्टिनच्या तंतूत फॅलॉइडिनची जागाच उरत नाही. त्यामुळे मिथेनॉल आणि फॅलॉइडिन एका स्लिपवर जमत नाही. कितीही महागडं फॅलॉइडिन आणा, फरक पडणार नाही. (फॅलॉइडिनचा स्टॉक मिथेनॉलमध्ये विरघळवलेला असतो हे पाहून काही जण गोंधळतात. तो पुढे बफरमध्ये पुष्कळ पातळ होतो आणि ॲक्टिन तोवर फिक्स झालेलं असतं, त्यामुळे काळजी नको.)

नुसत्या मायक्रोट्यूब्यूल्स दाखवायच्या असत्या तर मिथेनॉल वाईट नाही, उलट सोपं आहे: गरम मीडियम ओतून टाकायचं आणि उणे 20 चं मिथेनॉल थेट पेशींवर, मध्ये काहीही नाही. पण तुम्हाला ॲक्टिनही हवं आहे, म्हणून आल्डिहाइडकडे यावंच लागेल. नुसतं 4 टक्के फॉर्माल्डिहाइड मायक्रोट्यूब्यूल्सना पुरेसं पडत नाही. ते पेशीत झपाट्याने शिरतं, पण प्रथिनांना एकमेकांशी बांधायला वेळ घेतं, आणि तेवढ्या वेळात नलिका वेड्यावाकड्या होतात, तुटतात. ग्लुटाराल्डिहाइडला दोन हात असतात, ते लगेच आणि घट्ट बांधतं. म्हणून मी तुम्हाला 3 टक्के फॉर्माल्डिहाइड आणि 0.1 टक्के ग्लुटाराल्डिहाइड हे मिश्रण सुचवेन, पीबीएसऐवजी फेम बफरमध्ये: पाइप्स 60, हेपेस 25, ईजीटीए 10, मॅग्नेशियम क्लोराइड 2 मिलिमोलर, पीएच 6.9. ईजीटीए कॅल्शियम धरून ठेवतं, कारण थंडीइतकंच कॅल्शियमही मायक्रोट्यूब्यूल्सना तोडतं. 37 अंशांना 10 मिनिटं पुरतात.

फॉर्माल्डिहाइड कुठून आणता तेही महत्त्वाचं आहे. बाटलीतल्या 37 टक्के फॉर्मॅलिनमध्ये ते टिकावं म्हणून 10 ते 15 टक्के मिथेनॉल घातलेलं असतं. पेशींच्या सांगाड्यासाठी ते नको. पॅराफॉर्माल्डिहाइडची (पीएफए) पावडर फ्यूम हूडमध्ये बफरात घालून 60 अंशांपर्यंत तापवा, सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकत राहा, द्रावण निवळलं की थांबा, थंड करून गाळा आणि पीएच तपासा. पीएच न तपासता वापरलेलं पीएफए हे खराब चित्रांचं फार नेहमीचं कारण आहे. उरलेलं छोट्या नळ्यांत उणे 20 ला ठेवा, एकदा वितळवलेलं पुन्हा गोठवू नका. आणि हूडशिवाय हे काम करू नका. फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, आणि आपल्याकडे कॉलेजच्या प्रयोगशाळांत ते उघड्या टेबलावर हाताळलेलं दिसतं, याची मला खरोखर चिंता वाटते.

ग्लुटाराल्डिहाइड घेतलं की त्याची किंमतही मोजावी लागते. मोकळे राहिलेले आल्डिहाइड गट स्वतः चमकतात आणि अँटिबॉडीलाही पकडून ठेवतात. यावर उपाय सोडियम बोरोहायड्राइड: पीबीएसमध्ये 1 मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम, त्याच क्षणी बनवलेलं, 7 मिनिटं. पावडर पाण्यात पडताच हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात, त्यामुळे नळीचं झाकण घट्ट लावू नका. हे बुडबुडे कव्हरस्लिपखाली साठतात आणि स्लिप तरंगून वर येते, कधी उलटते. तिला चिमट्याने हलकेच दाबून खाली बसवा. उलटली असं वाटलं तर स्लिप तिरकी धरून चिमट्याच्या टोकाने कडेला अगदी छोटी रेघ ओढा. ज्या बाजूला रेघ उमटली ती पेशींची बाजू. नुसतं फॉर्माल्डिहाइड वापरलं असेल तर बोरोहायड्राइडची गरज नाही, 100 मिलिमोलर ग्लायसिनमध्ये 10 मिनिटं पुरे.

एक गोष्ट तापमानाबद्दल. परदेशी प्रोटोकॉलमध्ये ‘रूम टेंपरेचर’ लिहिलेलं असतं ते 20 ते 25 अंश धरून. एप्रिल-मे महिन्यात नागपूरला किंवा सोलापूरला एसी बंद असलेल्या खोलीत तेच शब्द 35 अंशांवर जातात, आणि ट्रायटनची (पेशीपटलाला भोकं पाडणारं डिटर्जंट) दहा मिनिटं किंवा अँटिबॉडीचा एक तास तिथे तसा राहत नाही. वहीत ‘आरटी’ न लिहिता थर्मामीटरवरचा आकडा लिहा. महिन्याभराने निकाल बदलला तर हाच आकडा कामी येतो.

आता थोडं मागे, कव्हरस्लिपकडे. ऑब्जेक्टिव्हवर 0.17 असं कोरलेलं असतं ती काचेची जाडी आहे, मिलिमीटरमध्ये. त्यासाठी नंबर 1.5 ची स्लिप लागते. आपल्याकडे स्टोअरमध्ये सहसा नंबर 1 पडलेली असते, ती 0.13 ते 0.16. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हला याचा त्रास तुलनेने कमी होतो, कारण तेल आणि काच यांचा अपवर्तनांक जवळपास सारखा असतो. 40एक्सच्या कोरड्या, मोठ्या एनएच्या (प्रकाश गोळा करण्याची क्षमता) ऑब्जेक्टिव्हवर मात्र चित्र धूसर झालेलं डोळ्यांनी कळतं. पेशी नेहमी कव्हरस्लिपवर वाढवा, स्लाइडवर नाही. प्लॅस्टिकच्या डिशमध्ये तर नाहीच: तो तळ जाड असतो आणि स्वतः चमकतोही. नव्या डब्यातल्या स्लिपलाही तेलकट थर असतो. 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून, पाण्याने भरपूर धुऊन, 70 टक्के अल्कोहोलमध्ये साठवल्या की पेशी छान पसरतात. हेलाला पॉलि-लायसिनची गरज सहसा पडत नाही.

पेशी आदल्या दिवशी अशा बेताने टाका की फिक्स करताना निम्मी जागा भरलेली असेल. दाटीवाटीने वाढलेल्या पेशी उंच होतात, एकमेकींवर चढतात, आणि मग एका प्रतलात एकही नलिका पूर्ण दिसत नाही. जी पेशी सपाट पसरली आहे तिच्या कडेलाच मायक्रोट्यूब्यूल्स सुट्या सुट्या दिसतात. चित्र तिथलं घ्या.

डॅपीच्या चॅनलमध्ये आणखी एक गोष्ट न चुकता पाहा. केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात आणि पेशीच्या पृष्ठभागावर निळे बारीक ठिपके विखुरलेले असतील तर तो मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा अतिसूक्ष्म जीवाणू) असू शकतो. मीडियम गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही, आणि पेशी महिनोन्महिने आजारी राहतात. असे ठिपके दिसले तर पीसीआरने खात्री करून घ्या आणि खात्री झाली तर ती बॅच फेकून द्या. पुण्याच्या एनसीसीएससारख्या पेशी-संग्रहातून नवीन कुपी मागवणं आजारी पेशींवर प्रबंध लिहिण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

आल्डिहाइडने फिक्स केलेली पेशी बंद असते. अँटिबॉडी आत जावी म्हणून 0.2 टक्के ट्रायटन एक्स-100 मध्ये 10 मिनिटं ठेवा. तुमच्या कामाला ट्रायटन चालेल, कारण ट्यूब्युलिन आणि ॲक्टिन सांगाड्यात बांधलेलं आहे. उद्या कुणी पेशीपटलावरचं प्रथिन किंवा चरबीचे थेंब दाखवायला सांगितले तर हेच ट्रायटन सगळं धुऊन नेईल. तिथे सॅपोनिन घ्यावं लागतं, आणि त्याने पडलेली भोकं परत मिटत असल्याने ते पुढच्या प्रत्येक बफरमध्ये ठेवावं लागतं.

ब्लॉकिंगसाठी स्किम मिल्क सोडा. त्याचे कण स्लिपवर बसतात. तुमच्या चमकदार ठिपक्यांतले काही तेच असतील. ज्या प्राण्यात दुय्यम अँटिबॉडी बनवली त्याचं सीरम घ्या: दुय्यम शेळीची असेल तर शेळीचं सीरम 5 टक्के आणि बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) 1 टक्का, अर्धा तास. मात्र प्राथमिक अँटिबॉडीच शेळीची असेल तर शेळीचं सीरम वापरू नका, कारण मग दुय्यम अँटिबॉडी सीरमलाच जाऊन चिकटेल.

बाकीचे ठिपके अँटिबॉडीच्याच गुठळ्या असतात. वारंवार गोठवून-वितळवून त्या होतात, आणि जिथे रात्री वीज जाते तिथे फ्रीझर आपल्या नकळत हे करत असतो. वापरण्याआधी नळी थंड सेंट्रिफ्यूजमध्ये 10,000 जी किंवा त्याहून जास्त वेगावर 10 मिनिटं फिरवा आणि वरचा भाग घ्या. तळाला काही दिसलं नाही तरी पिपेटचं टोक तिथे नेऊ नका.

डीएम1ए किती पातळ करावी हे कागदावरून ठरवू नका. 1:250, 1:500, 1:1000, 1:2000 अशा चार स्लिप एकाच दिवशी करा, चारहींचं एकाच एक्सपोजरवर चित्र घ्या आणि नलिका व आजूबाजूची जागा यांच्यातला फरक जिथे सर्वाधिक आहे ते प्रमाण निवडा. सर्वात उजळ चित्र सर्वात चांगलं नसतं. दुय्यम 1:500 ते 1:1000.

अँटिबॉडी वाचवायची आणि पेशी सुकू द्यायच्या नाहीत यासाठी सोपी रीत आहे. मोठ्या पेट्री डिशमध्ये कडेने ओला टिश्यू ठेवा, मध्ये पॅराफिल्म, त्यावर 50 मायक्रोलिटरचा थेंब. स्लिप उचला, तिची कड टिश्यूला टेकवून जास्तीचा बफर निथळू द्या, आणि पेशींची बाजू खाली करून एका कडेने हळूहळू थेंबावर टेकवा. थेंब स्लिपखाली स्वतः पसरतो, बुडबुडा अडकत नाही. एक तासानंतर स्लिप ओढून काढू नका: कडेने पीबीएसचे 200 मायक्रोलिटर सोडा, स्लिप वर तरंगते, मग उचला. ओढली की पेशी खरवडल्या जातात. निथळल्यापासून थेंबावर टेकेपर्यंत काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका. सुकलेल्या कडेवर अँटिबॉडी वाटेल तशी चिकटते आणि तिथली पेशी नेहमी सुंदर उजळ दिसते. फसू नका. प्रत्येक अँटिबॉडीनंतर पाच-पाच मिनिटांचे तीन वॉश, घाई न करता.

फॅलॉइडिन रेणू छोटा आहे, त्याला अर्धा तास पुरतो, दुय्यम अँटिबॉडीसोबतच घालता येतो. डॅपी 1 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, 5 मिनिटं. डॅपी जास्त झालं तर त्याच्या प्रकाशाची शेपटी हिरव्या चॅनलपर्यंत पोचते आणि केंद्रकात ट्यूब्युलिन असल्याचा भास होतो.

रंगांची तुमची निवड ठीक आहे. 488 आणि 568 यांची थोडी सरमिसळ होते, म्हणून कॉन्फोकलवर दोन्ही चॅनल एकामागून एक स्कॅन करा. पुढे चौथा रंग हवा असेल तर 647. तो डोळ्यांना जवळपास दिसत नाही, फक्त डिटेक्टरला दिसतो, त्यामुळे आयपीसमधून पाहून स्टेनिंग फसलं असं समजून स्लिप टाकू नका. पेशीची आणि ऊतीची स्वतःची चमक निळ्या-हिरव्या भागात जास्त आणि दूरच्या लाल भागात कमी असते. हे दुखणं या तंत्राच्या जन्मापासूनचं आहे. अल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी 1941 मध्ये अँटिबॉडीला पहिला रंग जोडला तो निळा चमकणारा होता, आणि ऊतीच्या स्वतःच्या निळ्या चमकेत तो हरवू लागला म्हणून ते हिरव्या फ्लुओरेसीनकडे वळले. वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी मात्र दूरच्या लालपासून सावध राहावं, तिथे क्लोरोफिल बसलेलं असतं.

कंट्रोल स्लिपबद्दल मी आग्रही आहे. काहीच न लावलेली एक, फक्त दुय्यम अँटिबॉडीची एक, आणि प्रत्येक रंगाची एकेकटी. काहीच न लावलेली चमकली तर दोष फिक्सेटिव्हचा किंवा पेशीच्या स्वतःच्या चमकेचा. ती काळी पण दुय्यमवाली चमकली तर दोष ब्लॉकिंगचा किंवा दुय्यमचा. दोन्ही काळ्या आणि तरीही पूर्ण स्टेनिंगमध्ये धुकं, तर प्राथमिक अँटिबॉडी जास्त झाली किंवा तुमच्यासारखं, प्रथिनच विखुरलेलं आहे. निरोगी पेशीतही काही ट्यूब्युलिन नलिकेबाहेर मोकळं असतंच, त्यामुळे थोडं धुकं राहील. तेही नको असेल तर फिक्स करण्याआधी गरम फेम बफरात थोडं ट्रायटन घालून अर्धा-एक मिनिट मोकळं ट्यूब्युलिन धुऊन काढण्याची रीत आहे, पण ती हात बसल्यावर करा.

माउंटिंगला (स्लिप स्लाइडवर बसवायला) घरचं मिश्रणही चांगलं चालतं: 90 टक्के ग्लिसरॉल, 20 मिलिमोलर ट्रिस, पीएच 8, आणि रंग उडू नये म्हणून 0.5 टक्के एन-प्रोपिल गॅलेट. ते घट्ट होत नाही, म्हणून कडा नेलपॉलिशने बंद कराव्या लागतात. पॉलिश बिनरंगी घ्या, रंगीत पॉलिश स्वतः चमकतं. पेशींत जीएफपी (स्वतः हिरवं चमकणारं प्रथिन) असेल तर पॉलिशचं सॉल्व्हंट आत शिरून जीएफपी मारतं, तिथे घट्ट होणारं माध्यम बरं. विकतची घट्ट होणारी माध्यमं 24 तास सपाट, अंधारात ठेवावी लागतात. कोकणात आणि मुंबईत जुलै महिन्यात ती दोन दिवसांनीही चिकट राहतात, कारण हवेतच पाणी असतं. स्लाइड्स सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवल्या की सुटतो हा प्रश्न. स्लिप सरकत असताना तेलाचं ऑब्जेक्टिव्ह लावू नका. आणि फॅलॉइडिनचं चित्र त्याच आठवड्यात घ्या, ते टिकत नाही.

आता सगळं एकदम बदलू नका, नाहीतर काय कामी आलं ते कळणार नाही. एकाच बॅचच्या तीन स्लिप घ्या. पहिलीवर मीडियम काढून थेट 37 अंशांचं फिक्सेटिव्ह ओता. दुसरी तुमच्या जुन्या सवयीप्रमाणे बर्फाच्या पीबीएसने पंधरा मिनिटं धुऊन मग तेच फिक्सेटिव्ह. तिसरी अर्धा तास बर्फावर ठेवा, मग 37 अंशांच्या मीडियममध्ये दोन मिनिटं आणि लगेच फिक्स. पुढचं सगळं तिन्हींना सारखं, एक्सपोजरही सारखंच. तिसऱ्या स्लिपवर सेंट्रोसोमपासून (नलिका जिथून उगवतात ते केंद्र) नव्याने फुटणाऱ्या नलिकांचे छोटे तारे दिसले, तर अँटिबॉडी, फिक्सेटिव्ह आणि तुमचा हात तिन्ही नीट आहेत असं समजा, आणि पहिल्या स्लिपचं चित्र प्रबंधात लावा.